काशीचं माप

काशी बांगडी भरताना हाताकडे बघत नाही. समोरच्या कॅलेंडरकडे बघत असते, नाहीतर बोलणाऱ्या बाईच्या तोंडाकडे. बोटं आपली चाललेली असतात. समोरच्या हाताचा अंगठा तळव्यात वळवायचा, अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो दाबून आत घ्यायचा आणि त्याच क्षणी बांगडी पुढे सरकवायची. तो क्षण चुकला की काच पिचते. भरताना पिचलेल्या बांगडीचं नुकसान कासाराचं, गिऱ्हाइकाचं नाही, असा रिवाज आहे. म्हणून हात अवघड दिसला की बाकीच्या बांगडीवाल्या गुपचूप एक माप मोठं काढतात. काशी काढत नाही. ढिली बांगडी दिवसभर हातावर नाचते आणि बाईचं डोकं उठवते, असं तिचं म्हणणं.

ती भिवंडीत कासार आळीत राहते. आमचं गाव मानकोलीच्या अलीकडे. रिक्षाने येते, मांडीवर पत्र्याची पेटी. नवरा गेल्यावर तिने ती पेटी उचलली त्याला एकोणीस वर्षं झाली. सुरुवातीला गावात कुजबुज झाली होती की विधवेने नवरीचा चुडा कसा भरायचा. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, ती कुजबुज एका वाक्यात संपवली. "बांगड्या नवरीच्या हातान जातात, काशीच्या न्हाय." त्यानंतर आमच्या गावातली लग्नं, डोहाळजेवणं, साखरपुडे, सगळीकडे काशीच.

तिला हात कळतात. भविष्य वगैरे नाही, नुसता हात. एकदा माझा हात धरून म्हणाली होती, "वहिनी, भाकऱ्या थापायला बाई ठेवली काय?" खरंच ठेवली होती, दोन महिन्यांपूर्वी. कुणाच्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, कुणाच्या दंडावर बोटांचे वळ आहेत, हे तिला बाईच्या आईच्या आधी कळतं. पण एका घरचा हात ती दुसऱ्या घरी सांगत नाही. मी एकदा खोदून विचारलं होतं, शेजारच्या सुनेबद्दल. तर म्हणाली, "वहिनी, हिरव्या दाखवू का लाल?"

हे सगळं लिहायला मी कोणी लेखिका नाही. बी. कॉम. केलं, लग्न झालं, घर सांभाळलं. पण काशीबद्दल गावात एक चुकीची गोष्ट वर्षभर फिरत राहिली आणि ती खोडून काढणं ज्या एका बाईच्या हातात होतं ती मी होते. मी गप्प बसले. त्याचं कारण माझी मुलगी.

रुचिका सत्तावीस वर्षांची. दापोड्याला एका गोदामात डिस्पॅचला काम करते. आता ती ऑफिसात बसते. तेव्हा फ्लोअरवर होती. पिस्तुलासारखा एक स्कॅनर उजव्या हातात धरायचा, मनगट वाकवून खोक्यावरच्या पट्ट्यांवर रोखायचा आणि बोटाने चाप ओढायचा. सेल असला की शिफ्ट दहा-दहा तासांची. ह्यांना ते आवडत नसे. जमिनीचं भाडं येतंय, पोरीला खोकी मोजायची काय गरज, असं ते म्हणत. रुचिका म्हणायची, "बाबा, भाडं तुमचं येतं. पगार माझा येतो."

तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं. रात्री दोन-अडीचला उठून ती हात झटकत बसायची, थर्मामीटर झटकतात तसा. झटकलं की बरं वाटायचं. त्या आवाजाने मी उठायचे, आणि तेव्हापासून माझी जी झोप मोडली ती मोडलीच. हे लिहितेय तेही रात्रीचंच.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मान तपासली. मानेचा एक्सरे काढला, थोडी झीज दिसली, पट्टा दिला, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. मी तिची उशी काढून घेतली. पडघ्याच्या पुढे एक जण मान चोळून देतो, तिथेही दोनदा नेलं. सहा महिने आम्ही त्या मानेमागे होतो. रुचिका सांगायची, "आई, मानेत काहीच नाही गं, हातात आहे." मी म्हणायचे, डॉक्टर शिकलेले आहेत की तू?

मग स्थळ आलं. पडघ्याचा दीपेश. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, मुलगा शांत, दोघांना एकमेकं आवडली. माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली: हाताचं लग्न झाल्यावर बघू. लग्नाआधी मुलगी दवाखान्याच्या फेऱ्या मारताना दिसली की लोक काय काय जोडतात ते मला माहीत होतं. माझ्या मामेबहिणीचं ठरलेलं लग्न फिटच्या नुसत्या अफवेवर मोडलं होतं.

त्या दिवाळीत रुचिकाने आक्कांच्या सोन्याच्या पाटल्या घालून बघितल्या. उजव्या हातात इतक्या सहज गेल्या की मला आनंद झाला. लग्नाच्या आधी मुली बारीक होतात तशी ही होतेय, असं मी समजले. डाव्या हातात मात्र साबण लावावा लागला. हे मला तेव्हा दिसलं होतं. दिसलं आणि मी ते पाटल्यांच्या डबीसोबत कपाटात ठेवून दिलं.

साखरपुडा मार्गशीर्षात होता. सकाळी काशी आली. ओटीवर चटई टाकली, पेटी उघडली. पहिला हात नवरीचा, मग घरातल्या बायका, मग पाहुण्या. वीसेक जणी गोळा झाल्या होत्या. चहा फिरत होता.

"काय गो काशे, यंदा काच महाग झाली का तू?" आक्कांनी विचारलं.

"मी महाग झाले आक्का. काच हाय तीच हाय."

काशीने रुचिकाचा डावा हात घेतला. कॅलेंडरकडे बघत दोन-सहाच्या मापाच्या बांगड्या चढवल्या, दोन-दोन करून. रुचिका ओठ चावत होती, बायका हसत होत्या. "सोस गो, आता सोसायचंच हाय," असं कुणीतरी म्हणालं. डावा हात भरला. काशीने उजवा घेतला. पहिली जोडी गेली. दुसरी गेली. तिसरी गेली.

आणि काशीने कॅलेंडरवरची नजर काढून हाताकडे बघितलं.

इतक्या वर्षांत मी तिला हाताकडे बघताना पहिल्यांदा पाहिलं. तिने अंगठा वळवला नव्हता, दाबला नव्हता. बांगड्या आपणहून गेल्या होत्या. तिने आपल्या अंगठ्याने रुचिकाच्या अंगठ्याच्या बुडाशी दाबून बघितलं. मग डाव्या हाताला तिथेच दाबलं. मग पुन्हा उजव्या. पेटीतली एक सुटी बांगडी उचलून म्हणाली, "रुचिका, डोळं मीट. ही चिमटीत पकड." रुचिकाने पकडली. काशीने नुसती हलकी ओढली. बांगडी सुटून चटईवर पडली.

"चावट मावशी, खेळ करते पोरीशी," कोणीतरी म्हणालं.

काशीने उजव्या हातातल्या सहाही बांगड्या काढल्या, कागदात गुंडाळल्या आणि पेटीत ठेवल्या.

आक्का खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "उतरवतेस? साखरपुड्याच्या दिवशी?"

"माप चुकलं आक्का," काशी म्हणाली. "उजव्या हाताचं माप मी चुकीचं आणलं. माझी चूक. उजव्या हातान आज सोनं घाला, काच लग्नाला भरू."

ओटीवर एकदम गलका झाला. काशीचं माप चुकलं? एकीने विचारलं, चष्मा लागला काय गो. दुसरी म्हणाली, वय झालं आता तिचं. माझी जाऊ मला बाजूला ओढून म्हणाली, "वहिनी, अपशकुन केला ना हिने." काशी पुढच्या बाईचा हात धरून पुन्हा कॅलेंडरकडे बघायला लागली होती. तिचे कान मात्र लाल झाले होते.

दुपारी पाहुणे जेवायला बसले तेव्हा ती स्वयंपाकघरात माझ्यामागे आली. मी रागातच होते. म्हटलं, "काशी, पेटीत दुसरं माप नव्हतं का?"

"होतं ना. सगळी मापं होती."

"मग?"

तिने माझाच उजवा हात घेतला आणि अंगठ्याचं बूड दाबलं. "हे बगा. कसं भरलेलं हाय. बाईमाणसाचा उजवा हात डाव्याहून नेहमी घट्ट असतो. कामाचा हात. तुमच्या पोरीचा उलटा झालाय. इथलं मांस गेलंय वहिनी. ती बारीक झाली न्हाय. बारीक झाली असती तर दोन्ही हात झाले असते."

मी हात सोडवून घेतला.

"मना डॉक्टरकी येत न्हाय. पण असा हात मी एकदा बघितलाय. कारखान्यात दोरा जोडणारी बाई होती. तिच्या हातान बांगडी अशीच जायला लागली, मीपण खूश, काच पिचत न्हाय म्हणून. दोन वर्षांनी तिला सुई पकडता येईना. तेव्हा मी गप बसले होते." तिने दाराकडे बघितलं. "तिकडं बायकांसमोर बोलले असते तर संध्याकाळपर्यंत पडघ्याला पोचलं असतं. म्हणून माप चुकलं बोलले."

"एप्रिलात लग्न आहे," मी म्हटलं. "त्यानंतर लगेच दाखवते."

"मग लग्नाचा चुडा भरायला दुसरी बोलवा," काशी म्हणाली, आणि भात वाढायचं पातेलं उचलून बाहेर गेली.

चार दिवस मी तिच्यावर चिडून काढले. पाचव्या दिवशी रुचिका पोळीचा घास तोडत होती. अंगठा आणि बोटाने तोडायला गेली, जमलं नाही, मग सहज, सवयीने, तिने करंगळीकडच्या बोटांनी ताट धरलं आणि डाव्या हाताने पोळी फाडली. किती दिवस ती असं जेवत होती कोण जाणे. रोज मी समोर बसत होते.

ठाण्याच्या एका मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांनी फोनवर सांगितलं की नसांची तपासणी होईल, तासभर लागेल. दोन्ही हात मोकळे हवेत, अंगठ्या-बांगड्या नकोत. आक्कांना दवाखान्याचं सांगायचं नव्हतं, आणि त्यांचा दंडक होता: साखरपुड्याच्या बांगड्या लग्नापर्यंत वाढवायच्या नाहीत. डाव्या हातातल्या त्या घट्ट हिरव्या बांगड्या न फोडता काढणारं आणि तशाच परत चढवणारं माणूस सगळ्या भिवंडीत एकच होतं. मी फोन केला. मला वाटलं ती चार शब्द ऐकवेल.

"किती वाजता निघायचं?" एवढंच तिने विचारलं.

घरच्यांना सांगितलं, बस्त्याला जातोय. रिक्षात आम्ही तिघी, काशीच्या मांडीवर पेटीऐवजी कापडी पिशवी, त्यात साबणाची वडी आणि प्लॅस्टिकची एक पिशवी. रुचिका मध्ये बसून दोघींकडे आलटून पालटून बघत होती. "मावशी, तू आईला काय चावलीस? दोन वर्षं मी सांगतेय तर मान मान करत होती."

"मी न्हाय चावले. बांगडी चावली."

तपासणी करणारी मुलगी रुचिकाच्याच वयाची होती, मेघाली नावाची. खोली लहान, एसी जोरात, टेबलावर संगणक आणि तारांचा गुंता. काशीने रुचिकाच्या डाव्या हातावर प्लॅस्टिकची पिशवी मोज्यासारखी चढवली, त्यावर साबणाचं पाणी लावलं आणि एक-एक बांगडी त्या पिशवीवरून बाहेर घेतली. बारा बांगड्या, एकही टिचली नाही. मेघाली काम थांबवून बघत राहिली. "आमच्याकडे रोज भांडणं होतात यावरून," ती म्हणाली. "तुम्ही इथेच नोकरीला या."

मग तिने रुचिकाच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी एक चिकटपट्टी लावली. ती निघाली. दुसरी लावली, तीही निघाली.

"तेल लावलंय का?"

मी मान खाली घातली. सकाळी निघताना मीच अर्धा तास कोमट तेल चोळलं होतं. तपासणीला जाताना हात चांगला दिसावा, असं काहीतरी माझ्या डोक्यात असणार. मेघालीने स्पिरिटने हात पुसला, आणि पुसताना म्हणाली, हात फार गार आहेत. गार हातात नस मंदावते आणि नसलेला दोष दिसतो. गरम पाण्याची पिशवी आणते. ती आणायला गेली तोवर काशीने रुचिकाचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन चोळायला सुरुवात केली होती. पिशवी आली, पण मेघालीने छोट्या यंत्राने हाताचं तापमान बघितलं आणि पिशवी बाजूला ठेवली.

तपासणी अशी. मनगटावर दोन बोथट टोकांचं एक यंत्र टेकवायचं आणि विजेचा हलका झटका द्यायचा. नस तो झटका अंगठ्यापर्यंत नेते, अंगठा आपोआप उडतो आणि संगणकावर एक लाट उमटते. लाट किती वेळात आली आणि किती उंच आली, ते मोजायचं. मग तसाच झटका कोपराशी. मग करंगळीच्या नसेला. बोटांवर कड्यांसारख्या तारा घालून वेगळी तपासणी. मधल्या अंतराला शिंप्यासारखी टेप.

आधी डावा हात. टक्‌ आवाज झाला, अंगठा उडाला, पडद्यावर डोंगरासारखी लाट आली. रुचिका हसली, "करंट लागला."

मग उजवा. टक्‌. अंगठा जागच्या जागी थरथरल्यासारखा झाला. पडद्यावरची रेघ सरळ गेली, गेली, आणि उशिराने एक बुटकी टेकडी आली. मेघालीने झटका वाढवला. पुन्हा तीच टेकडी. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण दोन आकडे वाचता येत होते. डावीकडे तीन पूर्णांक चार. उजवीकडे सात पूर्णांक एक. करंगळीच्या नसेचे आकडे दोन्हीकडे सारखे. बोटांवरच्या तारांची रेघ तर उजव्या हाताला जवळजवळ सपाटच राहिली.

मी विचारलं, "हे वाईट आहे ना?"

"डॉक्टर सांगतील, काकू," मेघाली म्हणाली. ती पडद्याकडेच बघत होती. काशी मात्र पडद्याकडे बघत नव्हती. ती रुचिकाच्या अंगठ्याकडे बघत होती.

शेवटी डॉक्टर स्वतः आले आणि अंगठ्याच्या बुडाशी एक बारीक सुई घातली. रुचिकाला अंगठा वर उचलायला सांगितलं. यंत्रातून खरखर आवाज आला, पाऊस कमी झाल्यावर पत्र्यावर थेंब पडतात तसा तुटक. रुचिका ओरडली नाही. तिने डाव्या हाताने काशीचं मनगट धरलं होतं.

डॉक्टरांनी नंतर कागदावर हाताचं चित्र काढून सांगितलं. मान ठीक आहे. मनगटाशी हाडांचा आणि एका जाड पट्टीचा मिळून एक बोगदा असतो, त्यातून नस जाते. ती तिथे दाबली गेलीय. "ठाण्याहून निघालात, रस्ता मोकळा, आणि मानकोलीला येऊन अर्धा तास उभे. तसं. कोपरापासून मनगटापर्यंत संदेश वेळेत येतोय. अडतोय तो मनगटात."

"म्हंजी आतली बांगडी लहान पडली," काशी म्हणाली.

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "अगदी तसंच."

"मग ती वाढवायला लागंल."

"हो. ती पट्टी कापायची, नसेला जागा करून द्यायची. सुरुवातीला आला असतात तर रात्री मनगटाला आधाराचा पट्टा, एखादं इंजेक्शन, एवढ्यावर भागलं असतं. आता स्नायू वाळायला लागलाय, थांबण्यात अर्थ नाही." त्यांनी थायरॉईड, साखर तपासायला सांगितलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, लग्न कधी आहे.

मला जे विचारायचं होतं ते माझ्या तोंडून निघत नव्हतं. काशीने विचारलं. "डॉक्टर, इथलं गेलेलं मांस परत भरंल का?"

"भरू शकतं. शब्द देत नाही. वर्ष लागेल कळायला. अजून सहा महिन्यांनी आला असतात तर मी नाहीच म्हटलं असतं."

बाहेर येऊन काशीने बाकावर बसून बाराही बांगड्या परत चढवल्या. डाव्या हाताला त्या तशाच अडल्या, रुचिकाने तसेच ओठ चावले. घरी आक्कांनी हात बघितला आणि बस्त्यात काही पसंत पडलं का, असं विचारलं.

दीपेशला कसं सांगायचं याचा विचार मी दोन दिवस केला. वाक्यं जुळवली. तिसऱ्या दिवशी कळलं की रुचिकाने त्याला दवाखान्यातून निघतानाच फोटो पाठवला होता, रिपोर्टचा. त्याने उत्तर दिलं होतं, "टाके कधी काढणार ते सांग, त्या दिवशी दुकान बंद ठेवतो." त्याच्या आईने फोन करून मला विचारलं, मुलीला जेवता येतं का नीट, की भाजी बारीक चिरून पाठवू. ज्या भीतीपोटी मी माझ्या मुलीचा हात पणाला लावला होता ती भीती अशी दोन फोनमध्ये संपली.

ऑपरेशन संक्रांतीनंतर झालं. घरी मी नस दबल्याचं सांगितलं, ते कुणी ओळखलं हे नाही. वीस मिनिटं लागली. त्याच रात्री रुचिका झोपली ती सकाळीच उठली. मी मात्र अडीच वाजता जागी झाले आणि झटकण्याचा आवाज येत नाही म्हणून घाबरून तिच्या खोलीत जाऊन बघून आले.

एप्रिलात काशीने चुडा भरला. मनगटावरची रेघ गुलाबी होती. मुंग्या गेल्या होत्या, पण अंगठ्याचं बूड सपाटच होतं. बांगड्या उजव्या हातात पुन्हा आपणहून गेल्या. काशी कॅलेंडरकडे बघत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने काही दाखवलं नाही.

आणि गावात मात्र काशीचं माप चुकतं हे पक्कं झालं. मी कुणाला काही बोलले नाही. लग्न होईपर्यंत रुचिकासाठी गप्प, लग्न झाल्यावर स्वतःसाठी. दोन वर्षं मुलीचा हात वाळत होता आणि आईला दिसला नाही, हे कोण आपणहून सांगेल? भाद्रपदात दोन घरांनी काशीला बोलावलं नाही. गौरीला ती आमच्याकडे आली तेव्हा पेटी जवळजवळ भरलेलीच परत नेली. तरी तिने एका शब्दाने कधी विचारलं नाही, की वहिनी, तुम्ही सांगणार कधी.

या मार्गशीर्षात माझ्या पुतणीचा साखरपुडा ठरला. जाऊ यादी करत होती. म्हणाली, "बांगड्यांना काशी नको. माप चुकवते ती. दुकानातून सेट आणू."

भाजी निवडताना मी थांबले. मग सांगितलं. सगळं, पाटल्यांपासून. जाऊ ऐकत राहिली. आक्का कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होत्या. माझं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "बस्ता बघायला गेलेलात तेव्हा मना वाटलंच. तिघी गेल्या आणि एकबी पिशवी आणली न्हाय."

काल साखरपुडा झाला. ओटीवर तीच चटई, तशाच बायका. माझ्या जावेने सगळं कुणाकुणाला आणि कसं सांगितलं होतं मला माहीत नाही, पण काशी आली तेव्हा दोघी-तिघी एकदम तिच्यासाठी चहा आणायला उठल्या. काशी म्हणाली, "काय गो, आज मी नवरी हाय काय?"

नवरीचा हात झाला, घरातल्या झाल्या. मग रुचिका बसली. तिने आपणहून उजवा हात पुढे केला. काशीने समोरच्या भिंतीकडे नजर लावली, दोन-सहाची जोडी घेतली आणि सरकवली.

ती अडली.

अंगठ्याच्या बुडाशी, जिथे वर्षभरापूर्वी काहीच अडत नव्हतं तिथे. डाव्या हाताइतकी नाही, पण अडली. काशीने अंगठा वळवला, दाबला, पुन्हा लावली. रुचिकाने ओठ चावला. "मावशी, दुखतंय गं."

"दुखू दे," काशी म्हणाली. ती अजून भिंतीकडेच बघत होती. तिच्या बोटांनी ते बूड एकदा चाचपलं, मग पुन्हा एकदा, गरजेपेक्षा थोडं जास्त वेळ.

"माप चुकलं काय गो काशे?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि बायका हसल्या.

"चुकलं," काशी म्हणाली. "वहिनी, जरा साबणाचं पाणी आणा."

मी उठले. मोरीत गेले, वाटीत साबण घोळवला. परत आले आणि वाटी काशीच्या हाताशी धरून बसले.